‘असे आढळून आले’, पण कुणाला?

या महिन्यात आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीवर आहेत, शोधनिबंध, प्रबंध, प्रोजेक्ट रिपोर्ट यांची भाषा कशी असावी. दोघातिघांनी तर आपली लिहिलेली पानंच सोबत जोडलीयेत, तेव्हा बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, आधी हे.

प्रश्न : ताई, माझी असाइनमेंट परत आली आणि वर लाल पेनाने एवढंच लिहिलंय की ‘भाषा अकॅडमिक नाही’. मग मित्राचं ऐकून सगळं बदललं, ‘बघितलं’चं ‘अवलोकन करण्यात आले’ केलं, ‘वापर’चं ‘उपयोजन’ केलं, आता मलाच वाचताना काही कळत नाहीये. अकॅडमिक म्हणजे अवघडच लिहायचं असतं का? (एम.ए., पहिलं वर्ष)

नाही हो. अवघड लिहिणं वेगळं आणि अकॅडमिक लिहिणं वेगळं, तुमच्या मित्राने तुम्हाला पहिलं शिकवलं. डॅनियल ओपनहायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर चक्क प्रयोग केलेत, विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून लिहिलेले निबंध घेतले, त्यातले साधे शब्द काढून तिथे डिक्शनरीतले लांबलचक शब्द घातले आणि लोकांना वाचायला दिले, तर शब्द जड झाले तसा लिहिणारा लोकांना कमी हुशार वाटायला लागला. हा पेपर २००६ सालचा, आणि त्याच वर्षी त्याला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसू येतं आणि मग विचार करावा लागतो अशा संशोधनाला देतात ते.

मग ही लिहिण्याची तऱ्हा आली कुठून? १६६५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सेक्रेटरी हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ नावाचं जर्नल काढलं, ते आजही चालू आहे. या सोसायटीचं ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा मतलब असा की कुणी नुसतं म्हणतंय म्हणून मानू नका. त्याच काळात रॉबर्ट बॉइल हवेच्या पंपावरचे त्याचे प्रयोग लिहायचा ते पाल्हाळ वाटेल इतकं बारीकसारीक, यंत्र कसं होतं, हवा कुठून गळत होती, कुठला प्रयोग फसला, सगळं. कारण वाचणारा तिथे हजर नव्हता ना, आणि बॉइलसाहेब म्हणतात म्हणजे खरंच असेल असं त्याने म्हणावं अशी अपेक्षाही नव्हती.

तर हे सगळं लिहिणं अशा माणसासाठी आहे जो तिथे नव्हता, तुम्हाला ओळखत नाही आणि तुमच्यावर विश्वास ठेवायला बांधील नाही. शैलीचे म्हणून जे नियम सांगतात ते जवळजवळ सगळे या संशयी माणसासाठी केलेले आहेत, तो डोळ्यासमोर ठेवलात की अर्धे नियम पाठ करावे लागत नाहीत.

तुमच्या सरांना काय खटकलं असेल ते मला तुमच्या पहिल्याच पानावर दिसलं. ‘आजकाल मोबाईलमुळे मुलं वाचतच नाहीत.’ आता तो संशयी माणूस लगेच विचारणार, आजकाल म्हणजे कधीपासून, मुलं म्हणजे कुठली, वाचत नाहीत म्हणजे पुस्तकं वाचत नाहीत की काहीच वाचत नाहीत, आणि मोबाईलमुळेच हे कशावरून? याच्या जागी ‘पाहणीतल्या ४० विद्यार्थ्यांपैकी २६ जणांनी गेल्या महिन्यात अभ्यासक्रमाबाहेरचे एकही पुस्तक वाचले नसल्याचे सांगितले’ असं लिहा (आकडे माझे, उदाहरणापुरते). एकही जड शब्द नाही, पण हे अकॅडमिक झालं. आणि त्यातलं ‘सांगितले’ नीट बघा, ‘वाचले नाही’ असं म्हटलेलं नाही, कारण तुम्ही कुणाच्या घरी जाऊन बसला नव्हतात, त्यांनी जे सांगितलं तेवढंच तुम्हाला माहितीये. ‘अवलोकन’, ‘उपयोजन’ वगैरे सगळं काढून पूर्वीसारखं करा. फक्त ‘केलं, झालं’ असेल तिथे ‘केले, झाले’ करा, मी इथे बोलल्यासारखं लिहिते पण प्रबंधात ते चालत नाही, प्रमाण लेखनाची तेवढी मागणी असतेच.

प्रश्न : ‘मी’ लिहायचं की नाही? एक मॅडम म्हणतात ‘मी’ दिसला की मार्क जातील, ‘संशोधकास असे आढळून आले’ असंच लिहा. दुसरे सर म्हणतात हे जुनाट आहे. मी (बघा, इथेही मी!) काय करू?

आधी जी मॅडम पेपर तपासणार आहे तिचं ऐका, हा झाला व्यवहार. आता मुद्द्याचं बोलू.

‘मी’ लिहू नये ही समजूत विज्ञानातून आली असं सगळे सांगतात, पण डीएनएची रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा पेपर, २५ एप्रिल १९५३ ला ‘नेचर’मध्ये आलेला, सगळा मिळून पानभर आणि थोडासा, त्याची सुरुवातच ‘आम्ही’ने आहे. आणि मानसशास्त्राची एपीए ही स्टाइल, म्हणजे लिहिण्याची आणि संदर्भ देण्याची नियमावली, जी आज समाजशास्त्रं, शिक्षणशास्त्र सगळीकडे वापरतात, तीही सांगते की काम तुम्ही केलं असेल तर सरळ ‘मी’ किंवा ‘आम्ही’ लिहा, स्वतःला ‘संशोधक’ म्हणू नका, कारण वाचणाऱ्याचा गोंधळ होतो की हा संशोधक म्हणजे तुम्ही की ज्याचा उल्लेख मागच्या परिच्छेदात झाला तो.

मला स्वतःला ‘असे आढळून आले’चा खरा राग एवढ्यासाठी आहे की त्यात काम करणारा गायब होतो. कुणाला आढळलं? तुम्हाला, की तुम्ही वाचलेल्या पुस्तकाच्या लेखकाला, की आजवर सगळ्यांनाच? या तीनपैकी कुठलं ते कळणं फार गरजेचं असतं आणि हे वाक्य नेमकं तेच झाकतं. कधी कधी मुद्दाम झाकतं, हे मी बरेच प्रबंध वाचल्यावर म्हणतेय.

पण ‘मी’ दोन प्रकारचा असतो. ‘मी १२ जणांच्या मुलाखती घेतल्या’ यातला मी जबाबदारी घेतोय, तो हवाच. ‘मला वाटतं ही योजना चुकीची आहे’ यातला मी नुसतं मत टाकतोय, मॅडमना बहुतेक हा नको असेल आणि तिथे त्यांचं बरोबर आहे, कारण तुम्हाला काय वाटतं यात त्या संशयी माणसाला तपासण्यासारखं काही नाही. शिवाय मराठीत एक सोय आहे जी लोक विसरतात, कर्ता न लिहिताही वाक्य छान उभं राहतं. ‘नमुने रात्रभर थंड ठेवले. सकाळी वजन केले.’ यात ना ‘मी’ आहे ना ‘करण्यात आले’, आणि कुणाचं काही अडत नाही. पद्धतीच्या प्रकरणात असंच लिहा, तिथे हात कुणाचा होता यापेक्षा काय केलं ते महत्त्वाचं असतं. मॅडम आणि सर दोघंही खूश.

प्रश्न : माझे गाइड प्रत्येक वाक्यात ‘असू शकते’, ‘असे दिसते’ घालायला लावतात. घरी वडिलांनी वाचलं तर म्हणाले, अरे तुला नक्की माहितीये की नाही? एवढं काम करून शेवटी ‘असू शकते’च म्हणायचं असेल तर काय उपयोग? (पीएच.डी. करतोय, थकलोय)

थकलोय हे कळलं. वडिलांचा प्रश्न चांगला आहे आणि गाइडही चुकीचे नाहीत, मधली गोष्ट कुणी तुम्हाला सांगितली नाही एवढंच.

पुरावा जेवढा तेवढंच वाक्याचं वजन, इतकाच हा मामला आहे. ‘सिद्ध होते’, ‘दिसते’, ‘सूचित होते’, ‘शक्यता नाकारता येत नाही’ या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, एकाच अर्थाचे चार शब्द नाहीत, आणि ज्यांना हे वाचायची सवय असते ते या शब्दांवरूनच तुमच्या हातात किती आहे ते ओळखतात. ‘सिद्ध होते’ गणितात म्हणा, बाकी ठिकाणी ते लिहिताना हात थोडा थांबला पाहिजे. ‘दिसते’ म्हणजे माझ्या माहितीत ते आहे. ‘सूचित होते’ म्हणजे माहिती त्या दिशेला जाते पण मधे अजून एखादा टप्पा बाकी आहे. आणि ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे शक्यतो लिहूच नका, जगात कशाचीच शक्यता नाकारता येत नाही.

आता गडबड कुठे होते, तर लोक हा सावधपणा सगळीकडे सारखा शिंपडतात. तुम्ही मोजलेल्या गोष्टीला ‘कदाचित’ लावायचं नसतं. वरच्या उदाहरणातले ४० पैकी २६ म्हणजे २६, ‘कदाचित २६’ नाही. सावध व्हायचं ते अर्थ लावताना, कारण सांगताना, आणि तुम्ही पाहिलेल्या मोजक्या जणांवरून बाकीच्या जगाबद्दल बोलताना. तुमचं तिसरं प्रकरण वाचलं, त्यात तक्त्याचं वर्णन करतानासुद्धा ‘असे म्हणता येऊ शकेल असे वाटते’ आहे. तीन तीन कुबड्या एका वाक्याला! हे वाचून वडिलांना शंका आली तर नवल काय. आणि उलट पुढच्याच पानावर ‘प्रशिक्षणामुळे कामगिरी सुधारली’ असं बिनधास्त ठोकून दिलंय, जिथे खरी सावधगिरी हवी होती.

हे ‘मुळे’ फार धोकादायक आहे, दोन अक्षरं चिकटवली की कार्यकारणभाव तयार. तुमच्याकडे जे आहे ते एवढंच की ज्यांनी प्रशिक्षण घेतलं त्यांची कामगिरी नंतर चांगली होती. पण मुळात जे हुशार किंवा उत्साही होते त्यांनीच प्रशिक्षणाला नाव दिलं असेल तर? किंवा त्या काळात सगळ्यांचीच सुधारली असेल तर? प्रशिक्षण न घेतलेला, बाकी सगळ्या बाबतीत तसाच असा दुसरा गट तुमच्याकडे नाही, म्हणून ‘मुळे’ नाही, ‘प्रशिक्षण घेतलेल्यांची कामगिरी नंतर अधिक चांगली दिसली’ इथपर्यंतच जाता येतं. पूर्ण प्रबंधात ‘मुळे’ शोधा (कॉम्प्युटरवर शोधायला फार वेळ लागत नाही) आणि प्रत्येकाला विचारा, तुला इथे उभं राहायचा हक्क आहे का. मी म्हणते हे एक केलंत तरी गाइड निम्म्या ठिकाणी ‘असू शकते’ मागणार नाहीत.

अजून एक, ‘लक्षणीय’. बोलताना आपण मोठ्या फरकाला लक्षणीय म्हणतो, पण संख्याशास्त्रात तो ठरलेला शब्द आहे, प्रत्यक्षात काहीच फरक नसता तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता ठरवलेल्या मर्यादेच्या खाली आली, बहुतेक ठिकाणी ही मर्यादा ०.०५ धरतात, तर तो लक्षणीय. फरक अगदी चिमूटभर असूनही नमुना मोठा असला, म्हणजे पाहणीत माणसं पुष्कळ असली, की लक्षणीय येतो. त्यामुळे संख्याशास्त्रातली ही टेस्ट केली नसेल तर हा शब्द वापरू नका, आणि केली असेल तर फरक किती आहे तेही लिहा.

प्रश्न : जे सगळ्यांनाच माहिती आहे त्यालाही संदर्भ द्यायचा का? आणि एकाने एपीए सांगितलं, दुसऱ्याने एमएलए, तिसऱ्याने व्हँकुव्हर, हे इतके प्रकार कुणी आणि कशाला केले?

पाणी दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजनचं बनतं याला संदर्भ लागत नाही. तुमच्या विषयातला कुठलाही जाणकार मान हलवून पुढे जाईल अशा गोष्टीला नको. आकडा, कुणाचं मत, कुणाची व्याख्या, वाद असलेली गोष्ट, याला हवाच. शंका आली तर द्या, जास्तीचा संदर्भ दिल्याने कुणी नापास होत नाही.

संदर्भ द्यायच्या स्टाइलचे हे प्रकार उगाच झालेले नाहीत, त्या त्या विषयातल्या वाचणाऱ्याला आधी काय बघायचं असतं त्यावरून ते ठरलेत. एपीए १९२९ साली सुरू झाली तेव्हा एका जर्नलमधला सात पानी लेख होता, आता जाडजूड पुस्तक झालंय. तिच्यात नावाला लागून साल येतं, कारण तिथे संशोधन किती ताजं आहे हे आधी बघतात. एमएलए साहित्यवाल्यांची, तिच्यात नावाला लागून पान नंबर येतो, कारण कवितेचं किंवा कादंबरीचं नेमकं वाक्य शोधायचं असतं आणि त्यात सालाने फारसं बिघडत नाही. वैद्यकातले लोक एकेका वाक्याला पाच पाच संदर्भ देतात, नावं लिहीत बसले तर वाक्यच दिसणार नाही, म्हणून व्हँकुव्हरमध्ये नुसते नंबर. १९७८ मध्ये वैद्यकीय जर्नल्सचे संपादक व्हँकुव्हर शहरात भेटले होते, नाव तिथून. तुम्ही विभागात विचारा कुठली चालते आणि शेवटपर्यंत तीच ठेवा, यात जास्त तत्त्वज्ञान नाही.

त्यापेक्षा एक जास्त महत्त्वाचं सांगते जे तुम्ही विचारलं नाही. मूळ पेपर न वाचता दुसऱ्याच्या यादीतून संदर्भ उचलू नका. पहिल्याने थोडं चुकीचं सांगितलेलं असतं, दुसरा ते उचलतो, तिसरा दुसऱ्याकडून घेतो, आणि मूळ लेखकाने जे कधी म्हटलंच नाही ते त्याच्या नावावर वर्षानुवर्षं फिरत राहतं. मूळ मिळालंच नाही तर ‘अमुक यांनी दिलेल्या उल्लेखानुसार’ असं स्पष्ट लिहा. आणि शब्द इकडचे तिकडे करून वाक्य तेच ठेवलं, तर खाली संदर्भ दिला तरी ते उचललेलंच असतं. वाचा, पुस्तक बंद करा, मग लिहा.

प्रश्न : मला लिहायला आवडतं, कथा लिहिते. प्रबंधातही उत्सुकता ठेवून शेवटी निष्कर्ष सांगायचा असं ठरवलं होतं तर सर म्हणाले पहिल्याच पानावर सांगून टाक. सगळी मजाच गेली की!

गेली खरी. पण प्रबंध किंवा पेपर कुणी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत नाही हो, आधी शीर्षक, मग सारांश, मग तक्ते, त्यातून कामाचं वाटलं तर पद्धत, आणि मग कधीतरी बाकीचं. ज्याला पन्नास पेपरमधून स्वतःच्या उपयोगाचे सहा निवडायचेत त्याला तुम्ही ताटकळत ठेवलं तर तो उठून जातो. म्हणून प्रस्तावना, पद्धत, निष्पत्ती, चर्चा हा साचा आला, आणि वैद्यकीय जर्नल्समध्ये तर १९८० च्या दशकापर्यंत दुसरं काही उरलंच नाही. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान यात हा साचा चालत नाही, तिथे युक्तिवाद जसा जातो तशी प्रकरणं.

तुमची कथा लिहायची हौस प्रस्तावनेत मात्र उपयोगी पडेल. जॉन स्वेल्स या भाषाभ्यासकाने १९९० मध्ये दाखवलं की संशोधन लेखांच्या प्रस्तावना साधारण तीन चालींत चालतात, आधी हा विषय का महत्त्वाचा आणि आत्तापर्यंत काय झालंय, मग यात अजून काय राहिलंय, आणि मग ते राहिलेलं मी कसं भरणार आहे. बघा, यात अडचण आहे आणि तिच्यामागे जाणारं माणूसही आहे. दुसरी चाल लोक गाळतात. पंधरा पानं मागच्या संशोधनाची यादी देतात आणि एकदम ‘प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे’! अरे पण का? राहिलं काय होतं?

आणि वाक्याच्या पातळीवर तुमचा कान कामाला येईल. आधीच्या वाक्यात जे आलंय ते पुढच्या वाक्याच्या सुरुवातीला ठेवा, नवीन गोष्ट नंतर आणा, वाचणारा धरून राहतो. प्रत्येक वाक्य नव्याच गोष्टीने सुरू झालं की शब्द कितीही सोपे असोत, डोकं दुखतं.

प्रश्न : रिटायर्ड माणूस आहे, सहज विचारतो. हे प्राध्यापक लोक मुद्दाम कुणाला कळू नये असं लिहितात ना? खरं सांगा.

काही लिहितात, काका. १९९६ मध्ये अ‍ॅलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने जड शब्दांनी भरलेला एक निरर्थक लेख मुद्दाम तयार केला, क्वांटम गुरुत्वाकर्षण वगैरे म्हणजे समाजाने घडवलेल्या गोष्टी आहेत असा, आणि ‘सोशल टेक्स्ट’ या नावाजलेल्या जर्नलने तो छापला. मग त्याने स्वतःच जाहीर केलं की ही थट्टा होती. बराच गदारोळ झाला. त्या जर्नलमध्ये तेव्हा बाहेरच्या तज्ज्ञांकडून लेख तपासून घेत नव्हते हेही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल.

पण कळत नाही म्हणजे मुद्दामच लिहिलंय असं दर वेळी नसतं. डॉक्टर एकमेकांशी बोलताना एका शब्दात जे सांगतात ते तुम्हा आम्हाला सांगायला चार वाक्यं लागतात, तो शब्द त्यांचा वेळ वाचवतो. मी एक कसोटी लावते, जड शब्द काढून साधा घातला आणि अर्थ थोडा तरी सांडला तर तो शब्द हवा होता, काहीच सांडलं नाही तर शोभेचा होता.

प्रश्न : चॅटजीपीटीला ‘हे अकॅडमिक भाषेत कर’ सांगितलं तर चालतं का?

चालतं की नाही हे तुमची संस्था किंवा जर्नल ठरवेल, तो नियम आधी वाचा. ते आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि जानेवारी २०२३ मध्येच ‘नेचर’ने सांगून टाकलं की असं टूल लेखक म्हणून चालणार नाही, कारण लेखकाला लिहिलेल्याची जबाबदारी घ्यावी लागते, आणि वापरलं असेल तर तसं नमूद करा.

माझा अनुभव विचाराल तर दोन गोष्टी सांभाळा. ते अस्तित्वात नसलेले संदर्भ बनवून देतं, लेखक, साल, जर्नल, सगळं खरं वाटेल असं. प्रत्येक संदर्भ उघडून बघा. दुसरं जास्त लपलेलं आहे, भाषा गुळगुळीत करताना तुमच्या दाव्याचं वजन हळूच बदलतं, तुम्ही ‘दिसले’ लिहिलेलं असतं आणि परत येताना ‘स्पष्टपणे सिद्ध होते’ होऊन येतं. वाचायला इतकं छान असतं की तुम्हीही मान हलवता, आणि तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक विचारतात, कशावरून सिद्ध झालं? मग तिथे चॅटजीपीटी येत नाही उत्तर द्यायला.

प्रश्न : उद्या सबमिशन आहे, पटकन सांगा. शेवटच्या प्रकरणात नवीन मुद्दा आणला तर चालेल का, आणि ‘या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे’ लिहायलाच हवं का?

नवीन मुद्दा नको, त्याला पुरावा द्यायला जागाच उरलेली नसते. आणि ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ एवढंच लिहिणार असाल तर नका लिहू. कुणी, कुणावर, काय मोजायचं आणि त्यातून तुमचा कुठला अडलेला प्रश्न सुटेल ते लिहा, दोन वाक्यं पुरतात. आणि फाइल पाठवायच्या आधी तक्त्यांचे नंबर बघा, शेवटच्या रात्री तेच हमखास चुकतात.